इंग्रजी शब्दांचे अर्थ मुलांच्या लक्षात राहण्यासाठी

ताई, पहिलीतल्या मुलाला दिवसाला पाचच शब्द द्या. पुश-पुल, लेफ्ट-राइट अशा जोड्या एकाच दिवशी नकोत, मुलं हमखास अदलाबदल करतात. एक आधी पक्का होऊ द्या, दुसरा आठवड्याने.

वहीत शब्दासमोर अर्थ लिहून पाठांतर घेतलं, तर मूल फक्त क्रम पाठ करतं. मधलाच शब्द विचारला की अडतं. त्यापेक्षा चिठ्ठ्या करा. पुढे शब्द, मागे चित्र. क्रियापद असेल तर कृतीच करून घ्या: जंप म्हटलं की उडी. दुसऱ्या, चौथ्या, आठव्या दिवशी चिठ्ठ्या पिसून विचारा. चुकलेली चिठ्ठी पुन्हा नव्या शब्दांच्या गठ्ठ्यात.

लोकलमध्ये तर आयती उजळणी! ‘पुढील स्टेशन’, ‘अगला स्टेशन’, ‘नेक्स्ट स्टेशन’ ओळीने ऐकू येतं. नेक्स्ट म्हणजे काय, ते त्यालाच सांगू द्या.