विश्वास आहे, प्रार्थना आहे, मग देवामध्ये आनंद का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की बारा वर्षं विश्वासात आहात, रोज बायबलमधलं वचन वाचता, उपासना चुकवत नाही. पण मंडळीत साक्षीच्या, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायच्या, वेळी कुणी "प्रभूने मला आनंदाने भरलं" म्हणालं की तुम्ही मान खाली घालता. देवामध्ये आनंद आणि समाधान कसं मिळवायचं, असा तुमचा प्रश्न आहे. पण मला वाटतं खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आलाय: "माझ्या विश्वासातच खोट आहे का?"

मी पाळक नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. तुमच्यासारखीच मंडळीत मागच्या बाकावर बरीच वर्षं बसलेली आहे, एवढीच माझी पात्रता.

काही वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली. अकरा महिने घरी होते. त्या काळात मी जेवढी प्रार्थना केली तेवढी आधी कधी केली नव्हती. पहाटे उठायचे, उपास धरायचे. भेटेल तो "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" म्हणायचा आणि ते वचन मला चपराकीसारखं लागायचं. मग नोकरी मिळाली. उपकारस्तुती केली, मंडळीत उभं राहून रडत रडत साक्ष दिली. आणि दीड महिन्याच्या आत माझी पहाटेची प्रार्थना पाच मिनिटांवर आली, पुढे "जाता जाता करू"वर आली. अकरा महिने ज्याच्याशी तासन्‌तास बोलले, त्याच्याकडे माझं आता काही कामच उरलं नव्हतं. हे ध्यानात आलं तो दिवस मला नोकरी गेली त्या दिवसापेक्षा जड गेला.

तेव्हा ते "सर्वदा आनंद करा" वचन ज्यात आहे, ते बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र मी पुन्हा उघडलं, खरं तर थोड्या रागानेच. चार अध्यायांचं छोटं पत्र. येशूची सुवार्ता गावोगाव सांगणाऱ्या प्रेषित पौलाने ते बंदिवासातून लिहिलंय आणि त्यात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. फिलिप्पैच्या लोकांना हे नुसतं बोलणं वाटलं नसणार. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ वाचा. त्यांच्याच गावात पौलाला आणि त्याचा सोबती सीलाला फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या तुरुंगात टाकलं होतं आणि मध्यरात्री ते दोघे गाणी गात होते. तो तुरुंगाधिकारी त्याच रात्री विश्वासात आला. हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा तो समोर बसलेला असेल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

पण मी अडकले चौथ्या अध्यायात. पौल म्हणतो की असेल त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. शिकलो! दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रत्यक्ष प्रभू भेटलेल्या पौलालाही हे आयतं मिळालं नव्हतं. आणि त्याच्यापुढच्या वचनात तो दोन्ही धडे सांगतो: उपाशी राहण्याचा आणि तृप्त असण्याचाही, टंचाईचा आणि विपुलतेचाही. भरल्या घरातही समाधानी राहायला शिकावं लागतं, हे मी इतकी वर्षं वाचूनही वाचलं नव्हतं. माझा पहिला धडा कच्चा होता. दुसऱ्यात तर मी सपशेल नापास झाले होते.

(लगेच पुढचं तेरावं वचन, "मला जो सामर्थ्य देतो त्याच्यामुळे मी सर्व काही करू शकतो" या अर्थाचं, लोक परीक्षेच्या आणि बढतीच्या वेळी वापरतात. मूळ जागी ते याच धड्याबद्दल आहे. असो.)

पौलाने इथे समाधानासाठी वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक या प्राचीन ग्रीक पंथाच्या तत्त्वज्ञांच्या आवडीचा होता. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ असा माणूस, ज्याला कुणाचीच गरज पडत नाही, जो स्वतःलाच पुरतो. पौलाने शब्द उचलला आणि त्याचं मूळच बदललं: मी पुरतो ते माझ्या बळावर नाही, ख्रिस्त मला पुरतो म्हणून. त्यामुळे ख्रिस्ती समाधान म्हणजे मन मारणं नव्हे. काही नकोच असं म्हणत बसणंही नव्हे. पौल तर त्याच पत्रात त्यांनी पाठवलेल्या देणगीबद्दल मोकळेपणाने आनंद व्यक्त करतो.

मग ते काय आहे? माझ्यापुरतं याचं सर्वांत नेमकं उत्तर बायबलच्या स्तोत्रांच्या पुस्तकात, स्तोत्र १३१ मध्ये मिळालं. तीनच वचनं आहेत. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की माझा जीव आईजवळच्या दूध तुटलेल्या बाळासारखा शांत आहे. नीट बघा, अंगावर पिणारं बाळ म्हटलेलं नाही. पिणारं बाळ आईजवळ येतं ते दुधासाठी. मिळालं नाही की आकांत, मिळालं की झोप. दूध तुटताना ते बाळ रडतं, हट्ट करतं, त्याला वाटत असणार की आईने आपल्याला टाकलं. आणि मग एक दिवस ते आईच्या कुशीत नुसतंच बसून राहतं. मागणं काही नाही. आई आहे, बस्स. माझे अकरा महिने आणि नंतरचा दीड महिना या एका चित्रात जसेच्या तसे आहेत. आकांतही दुधाचा होता आणि झोपही दुधाची.

म्हणून तुमच्या कोरडेपणाकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघेन. तुम्हाला पूर्वी जे "वाटायचं" ते आता वाटत नाही, तरी तुम्ही रोज येऊन बसता. कदाचित तुमचं दूध तुटत असेल. छातीठोक मी सांगू शकत नाही, पण खोट म्हणण्याआधी हा विचार जरूर करा.

एक गोष्ट मात्र थांबवा: प्रार्थनेत दर दोन मिनिटांनी स्वतःची नाडी बघणं. "आनंद आला का? अजून नाही?" मी हे वर्षानुवर्षं केलंय. झोप लागली का ते तपासत राहिलं तर झोप लागत नाही, तसंच हे. आनंद हे आत्म्याचं फळ आहे असं गलतीकरांच्या पत्रात म्हटलंय, आणि फळ धरलंय का हे बघायला रोज मुळं उकरून चालत नाही.

दुसरं, दुःख आणि आनंद एका घरात नांदत नाहीत ही समजूत कुठून आली कोण जाणे. पवित्र शास्त्रातून तर नक्कीच नाही. आनंदाच्या त्याच पत्रात पौल सांगतो की त्याचा सहकारी एपफ्रदीत आजाराने मरायला टेकला होता आणि तो वाचला म्हणून माझ्यावर दुःखावर दुःख आलं नाही. तिसऱ्या अध्यायात तर तो रडत रडत लिहितोय. स्तोत्र ४२ चा गायक स्वतःच्याच जिवाला विचारतो, "तू का खिन्न झालास?" आणि एकदा विचारून भागत नाही, त्या स्तोत्रात दोनदा आणि स्तोत्र ४३ मध्ये पुन्हा. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी एक आशेची ओळसुद्धा नाही. तरीही ते देवालाच उद्देशून म्हटलेलं आहे आणि उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. यात विश्वासाचा कमीपणा नाही. बायबलमधला एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिलं, खाऊ घातलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर.

रोजच्या सवयींपैकी मला सर्वांत उपयोगी पडलेली एकच सांगते. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांनी १८४१ मध्ये लिहून ठेवलंय की रोज सकाळचं माझं पहिलं काम म्हणजे माझा जीव प्रभूमध्ये आनंदी करणं. शेकडो मुलांची जबाबदारी पुढे ज्यांच्यावर आली, त्या माणसाचं हे पहिलं काम! त्यांची अडचणही आपल्यासारखीच होती. उठल्या उठल्या प्रार्थनेला बसायचे आणि कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास मन भटकत राहायचं. मग त्यांनी क्रम बदलला: आधी वचन घेऊन सावकाश मनन, आणि त्यातून आपोआप निघेल ती प्रार्थना. मीही तेच करते. मागण्यांची यादी शेवटी. एखादा अध्याय उरकण्यापेक्षा एकच वचन घेते आणि विचारते, यात देव कसा दिसतो? माझ्याबद्दल काय लिहिलंय, हे मुद्दाम विचारत नाही. काही सकाळी काहीच होत नाही. काही सकाळी होतं.

इतरांच्या साक्षींबद्दल म्हणाल तर त्यांच्याशी तुलना करू नका. माझीही साक्ष खरीच होती, पण पुढचा दीड महिना कुणाला दिसला नाही. आणि तुमची पाळी आली तर उसना आनंद आणू नका. स्तोत्र १३ वाचून दाखवा. सहाच वचनं आहेत, सुरुवातीलाच चार वेळा "कोठवर?" येतं. मी एकदा वाचलं होतं, बाकी एक शब्द बोलले नाही. उपासना सुटल्यावर दोघं जण दाराशी थांबले होते, माझ्याशी बोलायला.