अवधान, अवधाण आणि जांघेतली ‘वेळ’

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील एका वाचक भगिनींचा प्रश्न असा आहे : पायाला फोड किंवा जखम होऊन जांघेत गाठ आली, की त्यांच्या घरी ‘वेळ घातली’ असे म्हणतात, त्यांच्या सासूबाई मात्र त्याच गाठीला ‘अवधाण आले’ असे म्हणत. यांपैकी मराठी कोणते, आणि या अवधाणाचा ‘अवधानाने चूक झाली’ यातील अवधानाशी काही संबंध आहे काय?

शेवटच्या प्रयोगापासून आरंभ करणे भाग आहे, कारण तो ऐकून कान किटले आहेत. अवधान म्हणजे लक्ष. अवधानाने कोणाची चूक होत नाही. होते ती अनवधानाने. ‘आपले नाव पत्रिकेत अवधानाने राहून गेले’ असे भर सभेत सांगणारा चिटणीस वस्तुतः ते नाव आपण पूर्ण लक्ष देऊन गाळले, अशी कबुली देत असतो, आणि ज्यांचे नाव गाळले ते गृहस्थही ‘असू द्या, असू द्या’ म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे जे मागितले आहे, ते हेच अवधान. यावर अधिक शाई खर्च करीत नाही.

खरी गोडी अवधाणात आहे. माझ्या मते जांघेतले किंवा काखेतले अवधाण हे संस्कृत ‘अवधान’च होय, केवळ ‘न’चा ‘ण’ झाला आहे, जसा तो पानीयाच्या पाणी होण्यात, भगिनीच्या बहीण होण्यात आणि मनुष्याच्या माणूस होण्यात झाला. जखम घोट्याला झालेली असताना जांघेत गाठ का यावी, हे कोडे पूर्वीच्या माणसालाही पडले असणारच. त्याने ‘शरीराचे तिकडे लक्ष गेले’ असा अर्थ लावून तोच शब्द गाठीला दिला, असे मी मानतो.

ही कल्पना एका निवृत्त संस्कृत अध्यापकांना मान्य नाही. त्यांचा पहिला आक्षेप असा की शब्द प्राकृतातून आला असता तर ‘ध’चा ‘ह’ झाला असता, जसे दधीचे दही. आक्षेप चुकीचा नाही, पण गैरलागू आहे. सगळेच शब्द प्राकृताच्या घाटातून उतरून येत नाहीत. कित्येक वैद्यांच्या आणि पुराणिकांच्या तोंडून थेट घरात येतात आणि अर्धेच बदलतात. दुसरा आक्षेप असा की ‘अव’ अधिक ‘धा’ म्हणजे खाली ठेवणे, तेव्हा अवधाण म्हणजे खाली साचलेला दोष. त्यात लक्षाचा काय संबंध? अध्यापकमहाशयांनी येथे कोश उघडला, पण रोगी पाहिला नाही. साचण्याचाच अर्थ असता तर गळवाला, सुजेला, झालेच तर जलोदरालाही अवधाण म्हटले गेले असते. तसे कोणी म्हणत नाही. जखम एकीकडे आणि गाठ दुसरीकडे, पायाची जांघेत आणि हाताची काखेत, अशा दूरच्या गाठीलाच हा शब्द राखून ठेवलेला आहे. अंतर हाच या शब्दाचा प्राण आहे, आणि अंतरावरून जे पोहोचते ते लक्षच.

शरीरशास्त्र येथे माझ्या बाजूने साक्ष देते. रक्तवाहिन्यांतून पाझरून पेशींच्या भोवती उरणारा द्रव दररोज काही लिटर इतका असतो, आणि तो लसीका या नावाने लसीकावाहिन्यांतून पुन्हा रक्ताकडे नेला जातो. या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. स्नायूंची हालचाल, वाहिन्यांच्या भिंतींचे आकुंचन आणि आतील झडपा यांवरच त्यांचे काम चालते. (‘लसीका’ हा शब्द पारिभाषिक समित्यांनी घडविला असे समजणाऱ्यांनी चरकसंहितेचे शारीरस्थान पाहावे, त्वचेखाली व्रणाशी आलेल्या शरीरातील उदकाला तेथे लसीका म्हटले आहे, आणि तेच उदक उष्म्याने रोमरंध्रांतून बाहेर पडले की त्याला स्वेद म्हटले आहे.) वाटेत शेकडो लसीकाग्रंथी, म्हणजे ही लसीका गाळणाऱ्या छोट्या गाठी, लागतात. पायाची लसीका जांघेतील ग्रंथींतून जाते, हाताची काखेतील. जखमेतील विशिष्ट पेशी जंतूंचे तुकडे उचलून या ग्रंथींत आणतात आणि तेथून जाणाऱ्या असंख्य लिम्फोसाइट (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या) पेशींसमोर धरतात. त्यांतील अगदी थोड्या पेशींना तो तुकडा ओळखता येतो. मग सापडलेल्या पेशींची संख्या काही दिवसांत प्रचंड वाढते. या काळात ग्रंथीत येणाऱ्या लिम्फोसाइटांची आवक वाढते, तर बाहेर जाणाऱ्यांची वाट काही काळ रोखली जाते. नाकाबंदीत वाहने तुंबावीत तशी ग्रंथी फुगते आणि दुखू लागते. यालाच सासूबाई अवधाण म्हणत. लक्ष द्यावे लागते, अवधाण आपोआप ‘येते’, हा क्रियापदांतील भेदही मला अर्थपूर्ण वाटतो, कारण या लक्षासाठी शरीर आपल्याला विचारीत नाही.

हे लक्ष काढूनही घ्यावे लागते. जंतूंचा निकाल लागला की वाढलेल्या पेशींपैकी बहुतेक स्वतःहून मरतात, थोड्या त्या जंतूची ओळख जपणाऱ्या स्मृतिपेशी म्हणून राहतात आणि ग्रंथी ओसरते. शिवाय नियामक टी पेशी नावाचा एक गट इतर पेशींना आवर घालतो. त्या शोधाशी निगडित कार्यासाठी मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना 2025 चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. हा आवर सुटला की प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असे सांगणाऱ्या काढ्यांच्या जाहिराती मला खटकतात. ती योग्य जागी लागावी आणि वेळेवर थांबावी, हेच तिच्याकडून अपेक्षित असते. जखम नसताना आलेली, न दुखणारी, घट्ट आणि काही आठवड्यांतही न ओसरणारी गाठ मात्र अवधाण समजून घरी शेकत बसू नये, डॉक्टरांना दाखवावी.

आता ‘वेळ’. तो शब्द गुजरातीतला असून तेथे या अर्थी पक्का रूढ आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी घरात तो आला यात विटाळ मानण्याचे कारण नाही. परंतु ‘सुनेने वेळ घातली’ असे पुण्याच्या विहीणबाईंना कळविल्यास त्या निराळाच अर्थ घेतील, तेव्हा पत्रात अवधाण लिहावे. शब्द नपुंसकलिंगी आहे. म्हणून ‘अवधाण आला’ नव्हे, ‘अवधाण आले’.