स्पोर्ट्स कार कुठल्या देशातल्या कारखान्यात बनली यावरून तिची क्वालिटी आणि किंमत बदलते का?

तुम्ही विचारलंय की जुनी पोर्शे बॉक्स्टर घ्यायचीय, दोन गाड्या हेरून ठेवल्यात, एक जर्मनीत बनलेली आणि एक फिनलंडमध्ये, आणि जर्मन गाडीवाला तेवढ्या एका कारणावरून जास्त पैसे मागतोय, तर द्यावेत का. माझं मत विचाराल तर अजिबात नाही. बाकी कशासाठी द्यायचे असतील तर द्या, पण यासाठी नको.

आधी तो खरं बोलतोय का ते बघा. चॅसी नंबर 17 अक्षरांचा असतो, त्यातलं अकरावं अक्षर कारखान्याचं. एस असेल तर स्टुटगार्ट, यू असेल तर ऊसिकाउपुंकी, म्हणजे फिनलंडमधलं ते गाव जिथे वाल्मेट नावाची कंपनी 1997 पासून 2011 पर्यंत पोर्शेसाठी कॉन्ट्रॅक्टवर बॉक्स्टर आणि नंतर तिचीच बंद टपाची बहीण केमन बनवत होती. झालं काय की बॉक्स्टरला इतकी मागणी आली की स्टुटगार्टमधला झुफेनहाउसेनचा मूळ कारखाना पुरेना, नवा कारखाना उभारायचा तर पैसा आणि वेळ दोन्ही जाणार, आणि वाल्मेटवाले 1969 पासून साबच्या गाड्या बनवत होते, कन्व्हर्टिबलसुद्धा, त्यामुळे उघड्या टपाची गाडी त्यांना नवीन नव्हती. तिथून सव्वादोन लाखांच्या वर गाड्या बाहेर पडल्या. शोरूममध्ये कुणाला फिनलंडची म्हणून डिस्काउंट मिळाला नाही, आणि बहुतेकांना आपली गाडी कुठली हे माहीतही नव्हतं.

आता गंमत बघा. या गाड्यांचं सगळ्यात बदनाम दुखणं म्हणजे इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टचं बेअरिंग, ज्याला सगळे आयएमएस म्हणतात. ते गेलं तर अख्खं इंजिनच जातं. आणि फिनलंडच्या गाड्यांमध्ये बसणारी इंजिनं यायची कुठून, तर जर्मनीतून, झुफेनहाउसेनमधूनच! तोच प्रॉब्लेम पोर्शेच्याच त्या काळच्या साध्या 911 मध्येही आहे, जी पूर्ण जर्मनीत बनायची. म्हणजे दोष डिझाइनचा, आणि डिझाइन दोन्हीकडे एकच. 2009 च्या मॉडेलपासून नवीन इंजिन आलं, त्यात तो शाफ्टच काढून टाकला, तेव्हा कुठे विषय संपला. तेव्हा अकराव्या अक्षरासाठी जादा पैसे मोजणारा माणूस बेअरिंगबद्दल विचारायला विसरला तर त्याने नेमकं काय कमावलं?

याचा अर्थ कारखान्याने काहीच फरक पडत नाही असं नाही हं. पडतो, पण तो देशाचा नसतो, लाइन किती मुरलेली आहे आणि चूक दिसल्यावर ती जागच्या जागी थांबवली जाते की पुढे ढकलली जाते, याचा असतो. मी काही वर्षं पार्ट्सच्या इन्स्पेक्शनचं काम केलंय, तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, की नवीन लाइनची पहिली बॅच ही कुठेही, कितीही हुशार माणसं असू देत, डोळ्यात तेल घालूनच तपासावी लागते. डिलोरियन या स्पोर्ट्स कारचं उदाहरण घ्या. उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ डनमरीला नवा कोरा कारखाना, गाडी नवी, कंपनी नवी, आणि बहुतेक कामगारांनी आयुष्यात कधी गाडी जोडलेली नव्हती. 1981 मधल्या सुरुवातीच्या गाड्या अमेरिकेत पोचल्यावर तिथे वेगळी सेंटर्स काढून पुन्हा नीट कराव्या लागल्या. पण नंतरच्या गाड्या सुधारल्या, माणसं तीच, गाव तेच. कंपनी 1982 मध्येच बुडाली ही वेगळी रडकथा.

याच्या उलट कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट. स्पोर्ट्स कारचा कारखाना नाही, पण यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही. जनरल मोटर्सने तो 1982 मध्ये बंद केला, कामगार कामाला दांड्या मारायचे, गाड्या भंगार निघायच्या. 1984 मध्ये टोयोटाच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाला, बरेचसे जुनेच कामगार परत घेतले, फक्त काम करायची पद्धत टोयोटाची, म्हणजे चूक दिसली की दोरी ओढून कुणीही लाइन थांबवू शकतो. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी जपानमधल्या गाड्यांच्या जवळ आली. त्यामुळे कुणी 'अमेरिकन कामगार असेच' किंवा 'जर्मन माणूस म्हणजे परफेक्शन' वगैरे सुरू केलं की मी विषय बदलतो.

किंमतीचं मात्र वेगळं आहे, तिथे जागा खरंच बोलते. वाहतूक, कस्टम ड्यूटी, चलनाचा भाव. कॅडिलॅक आलांटे या अमेरिकन गाडीची बॉडी इटलीत पिनिनफारिना कंपनीवाले बनवायचे आणि ती बोइंग 747 विमानात, एका खेपेला 56, अशी डेट्रॉइटला यायची, मग तिथे इंजिन बसायचं. एवढा खटाटोप करून गाडी स्वस्त कशी पडणार! नव्वदच्या दशकात येन इतका महागला की 1995 मध्ये डॉलरला 80 च्या आसपास आला, आणि जपानमध्ये बनणाऱ्या माझदा आरएक्स-7, निस्सान 300झेडएक्स या गाड्या अमेरिकेत कुणाला परवडेनात, काही वर्षांत त्या तिथून गायबच झाल्या. गाडी होती तशीच, फॅक्टरीही तीच, पण भाव गेला वर. आणि 2019 मध्ये आलेल्या टोयोटा सुप्राचं बघा, ती ऑस्ट्रियात ग्राझला मॅग्ना कंपनीच्या कारखान्यात बीएमडब्ल्यू झेड4 च्या सोबत बनायची, म्हणजे जपानी माणसाला आपलीच सुप्रा जहाजाने मागवावी लागायची. जपानमध्ये गाड्यांवर आयात ड्यूटी नाही हे त्यांचं नशीब.

पण हा सगळा खर्च नव्या गाडीच्या किंमतीत येतो. तुमची गाडी वीसेक वर्षं जुनी, तिची ड्यूटी आणि भाडं पहिल्या मालकाने कधीच भरून टाकलंय. आता फक्त नावाचा भाव उरतो, आणि विकताना तुम्हालाही तो मिळेल असं काही नाही.

त्यापेक्षा दोन्ही गाड्यांच्या बॉनेट आणि फेंडरमधल्या फटीवरून बोट फिरवा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद लागली तर बहुधा गाडी कुठेतरी ठोकलेली आहे, कारखान्याला नावं ठेवू नका. छप्पर चारपाच वेळा उघडबंद करून बघा, सीटमागचं कार्पेट ओलं लागतंय का हात लावून बघा, कारण पाणी जाण्याच्या नळ्या तुंबतात. सर्व्हिसची बिलं मागा, बेअरिंग बदलल्याचं बिल असेल तर त्यासाठी खुशाल चार पैसे जास्त द्या, भले ते फिनलंडवाल्याकडे असो. आणि जर्मनवाल्याकडे बिलंच नसतील तर त्याला सांगा, आधी ती शोध, मग भावाचं बोलू.