गॅस बंद केलेला आठवतो, पण पटत नाही

"मॅडम, मला पण आईसारखंच होतंय का?" खुर्चीत टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वय 43, पतपेढीत कॅशियर. आईला डिमेन्शिया होता. गॅस बंद केल्याचं आठवत नाही, पत्र चार-चारदा वाचावं लागतं, अशी तक्रार.

त्यांनी फोन पुढे केला. गॅसच्या रेग्युलेटरचे फोटो, एकट्या त्या सकाळचे अकरा. "फोटो बघितला तरी वाटतं, हा आजचाच ना?"

मी म्हटलं, सकाळपासून काय काय केलंत ते सांगा. भाजी दोडक्याची. रेग्युलेटर नऊदा पाहिला, सातव्या वेळी शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. एवढं ज्यांना आठवतं त्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे. डळमळलाय तो स्मरणावरचा भरवसा. ओसीडीत, म्हणजे नको ते विचार आणि तपासण्यासारख्या कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याच्या आजारात, हे फार दिसतं.

2003 मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी धडधाकट विद्यार्थ्यांना संगणकावरचा गॅस पुन्हा पुन्हा तपासायला लावला. शेवटच्या तपासणीबद्दल विचारलं तेव्हा उत्तरं तितकीच बरोबर होती, पण आठवण धूसर आणि खात्री कमी झाली होती. आजार नसलेल्या मुलांचं हे! म्हणजे खात्रीसाठी तपासायचं आणि तपासून तपासून खात्रीच घालवायची.

मग पत्राचं काय? ओसीडीत काही जणांचं काम संथ होतं, एका विचारातून दुसऱ्यात जाणं जड जातं, हे खरं. पण ताईंचं अर्धं मन दिवसभर स्वयंपाकघरात अडकलेलं असायचं. संध्याकाळी कॅश मात्र रुपयाला रुपया जुळायची.

तरीही मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलंच. थायरॉइड, बी-12 बघून घेतलेलं बरं, नुसत्या बोलण्यावर मी विसंबत नाही. ओसीडीच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे आधीच सांगून ठेवलं.

माझ्याकडचं काम एवढंच दिसायला: रेग्युलेटर एकदा फिरवायचा, फोटो नाही, निघायचं. अस्वस्थ वाटलं तर वाटू द्यायचं, मागे फिरायचं नाही. यजमानांना बजावलं, फोन आला तर "केलाय गं बंद" म्हणायचं नाही. त्यांना हेच सगळ्यात कठीण गेलं.

पहिल्या दिवशी ताई सोसायटीच्या गेटपासून परतल्या. तिसऱ्या दिवशी बसमध्ये चढल्या आणि दोन स्टॉप घामाघूम. सहाव्या आठवड्यात आल्या त्या उशिराच, छत्री बसमध्ये विसरून. "विसरले बघा," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.