मधुमेहामुळे पायाची जखम भरत नाही, प्रोबायोटिक कॅप्सूलने भरेल का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या तळपायाची जखम चार महिने तशीच आहे, रोज ड्रेसिंग चालू आहे, कुणीतरी प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यासाठी चांगल्या जिवाणूंची कॅप्सूल, सुचवलंय, तर कुठलं घ्यावं? कुठलं ते मी सांगणार नाही. त्याआधी मला एवढंच सांगा, वडील त्या पायावर चालतात का? संडासापर्यंत, दार उघडायला, फोन घ्यायला? चालत असतील तर पोटात काहीही घाला, ती जखम भरणार नाही.

इतक्या ठामपणे बोलते कारण आमच्या घरात हाच वाद झालाय आणि तो अजून मिटलेला नाही.

आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी, तळव्याकडून, आधी नुसता घट्टा होता. मग घट्ट्याखाली काळं दिसायला लागलं आणि एका संध्याकाळी मोज्याला ओल लागली. मधुमेहाने पाय बधिर झालेला, त्यामुळे दुखत अजिबात नव्हतं. दुखत नाही म्हणून ती चालत राहिली आणि दुखत नाही म्हणून आम्हीही तिला चालू दिलं. ड्रेसिंग मी करायचे. दुसऱ्या महिन्यात धाकट्या भावाने प्रोबायोटिक कॅप्सूलचे डबे आणले. त्याचं म्हणणं असं की आतडं सुधारलं की अंगातली सूज उतरते, सूज उतरली की जखम भरते. "तू वरवर पट्ट्या बदलतेस, मी मुळावर औषध देतोय," असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. ते वाक्य मला अजून बोचतं.

मी वाद घातला नाही. दर रविवारी जखमेवर स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने कड गिरवायची, तारीख टाकायची, मग ते आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे, असं सुरू केलं. कॅप्सूल सुरू होऊन चौदा आठवडे झाले तेव्हा चौदा तुकडे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले. सगळ्या कडा एकमेकींवर बसत होत्या. एका बाजूला जेमतेम रेघेएवढा फरक.

त्याच आठवड्यात आईची घरातली चप्पल धुवायला घेतली. आतल्या तळाला, अंगठ्याच्या बुडाशी, एक काळपट गुळगुळीत खळगा पडला होता. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. म्हणजे आई प्रत्येक पावलाला सगळा भार नेमका जखमेवर देत होती. मी रोज तिथे ड्रेसिंग करत होते आणि ती रोज तिथेच ते चिरडत होती. आधीच्या डॉक्टरांनी इतक्या महिन्यांत एकदाही चप्पल मागून बघितली नव्हती, आणि मलाही सुचलं नव्हतं, ही गोष्ट मला फार खाते.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पायातला रक्तपुरवठा तपासला, जखमेत बोथट सळई घालून हाडाला लागते का ते पाहिलं, कडेचा घट्टा पार तासून काढला आणि गुडघ्याखालपर्यंत टोटल कॉन्टॅक्ट कास्ट घातलं. हे प्लास्टर पायाला सगळीकडून चिकटून बसतं, त्यामुळे भार एका जागी न पडता पूर्ण तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो. मुख्य म्हणजे ते रुग्णाला काढता येत नाही. काढता येणारा बूट दिला की माणूस घरात तो काढूनच फिरतो. कुष्ठरोगातल्या बधिर पायांसाठी वापरलं जाणारं हे प्लास्टर मधुमेहाकडे आणण्यात वेल्लोरला काम केलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा आहे, म्हणजे उपाय काही नवा नाही. दर आठवड्याला प्लास्टर बदलताना मी प्लास्टिकवर कड गिरवत राहिले. सातव्या आठवड्यात गिरवायला काही उरलं नाही.

कॅप्सूल तेव्हाही चालूच होत्या. त्यामुळे भाऊ म्हणतो, चौदा आठवडे जमीन तयार होत होती. मी म्हणते, ते चौदा तुकडे बघ.

आता तुमच्या प्रश्नाकडे. प्रोबायोटिकमागचं शास्त्र खोटं नाही. जुनाट जखम सुजेच्या टप्प्यातच अडकून पडते आणि आतड्यातल्या जिवाणूंचा त्या सुजेशी संबंध आहे. २०१३मध्ये लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी हे जिवाणू पाण्यातून दिलेल्या उंदरांच्या जखमा निम्म्या वेळात भरल्याचं प्रसिद्ध झालं. पण ते निरोगी उंदीर होते, बधिर पायावर चालणारी माणसं नव्हेत. माणसांवरचा भाऊ नेहमी पुढे करतो तो अभ्यास इराणमधल्या काशानचा. पायाला मधुमेही जखम असलेले ६० रुग्ण, निम्म्यांना चार जिवाणूंची कॅप्सूल, निम्म्यांना खोटी, म्हणजे जिवाणू नसलेली, १२ आठवडे. कॅप्सूलवाल्यांच्या जखमा जास्त आकसल्या, साखरही सुधारली. मी तो नाकारत नाही. पण ६० माणसांच्या अशा एका अभ्यासावर घराचा भरवसा टाकायचा नसतो, आणि त्यात खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांच्या जखमाही लहान झाल्याच होत्या, कारण जखमेची काळजी दोन्हीकडे घेतली जात होती. पायाच्या जखमांबाबतची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं तळव्याच्या बधिर जखमेसाठी पहिला उपाय म्हणून भार काढणंच सांगतात.

म्हणून आज रात्रीच वडिलांची चप्पल आतून हात घालून बघा. जखमेची कड गिरवून ठेवा. नीट उपचार चालू असताना चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्रफळ निम्मं झालं नाही, तर काहीतरी चुकतंय असं समजून सगळं पुन्हा तपासायचं असतं, आणि तुमचे तर चार महिने गेले. घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९च्या खाली असेल तर रक्तपुरवठा अपुरा आहे. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा खोटाच चांगला येऊ शकतो, तेव्हा पायाच्या बोटातला दाबही मोजून घ्या.

एक राहिलं. रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत जोरदार संसर्ग असेल तर हे प्लास्टर घातक ठरू शकतं, तेव्हा माझं वाचून कुठेही जाऊन घालून घेऊ नका. कॅप्सूलही सरसकट निरुपद्रवी नाही. २००८मध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाच्या रुग्णांवरचा डच अभ्यास आला, त्यात प्रोबायोटिक दिलेल्यांपैकी १६ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी ६ टक्के. वडिलांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा शिरेत नळी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि कॅप्सूल फोडून पूड जखमेत तर कधीच टाकू नका, आमच्याकडे तोही विचार झाला होता. बाकी अँटिबायोटिकने जुलाब होत असतील तर प्रोबायोटिकचा थोडा उपयोग होऊ शकतो, त्यासाठी द्यायला माझी हरकत नाही.

प्लास्टिकचे सगळे तुकडे मी फाईलमध्ये जपून ठेवलेत. भावाने ते अजून एकदाही एकावर एक ठेवून पाहिलेले नाहीत.