सांगलीत राहून कासवांसाठी काय करावं?

प्रश्न : आम्ही सांगलीतले काही जण रविवारी कृष्णेचा घाट साफ करतो. यंदा मुलांना कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला कासवं बघायला न्यायचंय. समुद्रापासून इतक्या लांब राहून आणखी काय करता येईल?

उत्तर : जरूर न्या. कराडहून कुंभार्ली घाट उतरून जा आणि गावातल्या घरांतच मुक्काम करा. राहण्या-जेवणाचे पैसे गावातच राहिले, की घरटी राखायला गाव उभं राहतं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं तिथं काम सुरू केलं, त्याआधी ही अंडी चोरीला जायची. तिथल्या ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी साधारण ५० दिवसांनी फुटतात. पिल्लं उजेडाकडे धावतात, म्हणून बॅटरी आणि फ्लॅश नको म्हणजे नको. फोटोसाठी उचलूही नका, वाळूवरून त्यांची त्यांना जाऊ द्या. पिल्लू दिसेलच असं नाही, हे मुलांना आधीच सांगा.

आणि कृष्णा? मला तीच अधिक जवळची वाटते. घाटावर जुनी जाळी दिसली तर प्लास्टिकच्याही आधी ती काढा, नदीतली कासवं त्यात अडकून गुदमरतात. दुकानातून आणलेलं लाल कानांचं अमेरिकी कासव कंटाळा आला म्हणून कुणाला नदीत सोडू देऊ नका, ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन खायची जागा बळकावतं. देशी कासव विकताना कुणी दिसलं, तर लगेच वनविभागाला १९२६ वर कळवा.