इंजिन बदललं, आता रेडिएटर कोणता?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्या वडिलांची 1974 ची ॲम्बेसेडर मार्क टू आहे. मूळचं 1489 सीसीचं इंजिन पार झिजलं होतं. मागच्या दिवाळीत भंगारात निघालेल्या 1800 आयएसझेड ॲम्बेसेडरचं इसुझूचं 1817 सीसी पेट्रोल इंजिन गिअरबॉक्ससकट बसवलं. रेडिएटर जुनाच ठेवला. गावात गाडी ठीक चालते, पण नांदेड रोडला 80 धरले की वीस मिनिटांत काटा वर चढतो. एक मिस्त्री म्हणतो चार रोचा कोअर (नळ्यांच्या चार ओळी असलेला रेडिएटरचा गाभा) टाका, दुसरा म्हणतो ॲल्युमिनियमचा घ्या, तिसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका. कुणाचं ऐकावं?
– एक वाचक, वसमत

उत्तर : वडिलांची गाडी तुम्ही भंगारात न घालता रस्त्यावर ठेवलीत, याचा मला फार आनंद झाला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिघांपैकी एकानेही आधी विचारायचं ते विचारलं नाही. गाडी तीच, वजन जवळपास तेच, 80 चा वेगही तोच. म्हणजे त्या वेगाला लागणारी ताकदही जवळजवळ तेवढीच. मोठं इंजिन जास्त उष्णता टाकतं ते तुम्ही त्याची जास्तीची ताकद वापरता तेव्हा : घाटात, पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन, मे महिन्याच्या दुपारी. सपाट नांदेड रोडवर 80 ला जुना रेडिएटर धड असता तर पुरायला हवा होता. तो पुरत नाही, याचा अर्थ बहुतेक तो आतून बुजलाय.

हे घरीच तपासता येतं. गाडी गरम करून बंद करा आणि कोअरच्या समोरून तळहात फिरवा, न टेकवता. मधेच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नाही. दुसरं, इंजिन गरम असताना कुणाला तरी रेस द्यायला सांगा आणि खालच्या होज पाइपकडे बघा. वॉटर पंप तिथून पाणी ओढतो. पाइप मऊ पडला असेल आणि आत स्प्रिंग नसेल, तर तो डोळ्यांदेखत चपटा होतो. असे पाइप बदलले आणि गाडी थंड झाली, हे मी कितीदा तरी पाहिलंय. या दोन गोष्टी ठीक निघाल्या तर टायमिंग आणि कार्बोरेटर बघून घ्या.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात आमचं दुकान आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, ते साल आठवा. प्यायला पाणी नव्हतं, तिथे गाडीला कोण चांगलं पाणी घालणार? खोल बोअरचं जड पाणी लोकांनी रेडिएटरमध्ये ओतलं. पुढे कितीतरी महिने मी तेच रेडिएटर खोलत होतो. वरची टाकी गॅसवर तापवून, डाग (कथलाचा सांधा) सोडवून उचलली की नळ्यांची तोंडं दिसतात. चपटी, करंगळीच्या नखाएवढी. त्यात पांढरा थर इतका घट्ट बसलेला असायचा की पातळ पट्टी घातली तरी अडायची. पट्टी ठोकत ठोकत खाली उतरवली की चुन्याचे पापुद्रे गळून पडायचे. तुमचाही रेडिएटर एकदा असा उघडून बघा, मगच पैसे खर्च करा.

आता निवडीचं. इंजिन बदललेल्या गाडीला रेडिएटर नेमताना मी इंजिनाच्या मूळ गाडीपासून सुरुवात करतो. कंपनीने त्या इंजिनाला केवढा कोअर दिला होता, किती उंच, किती रुंद, किती जाड? तुमचं नशीब चांगलं, कारण कंपनीने हेच इसुझू इंजिन नव्वदच्या दशकात ॲम्बेसेडरमध्येच घातलं. म्हणजे हिशोब आधीच झालेला आहे. ज्या भंगारवाल्याकडून इंजिन आणलंत त्याच्याकडे आयएसझेडचा रेडिएटर विचारा. नळ्या गेल्या असल्या तरी चालेल. टाक्या, तोंडं आणि माप मिळालं की नवा कोअर भरून घेता येतो. होजची तोंडं कुठे येतात आणि त्यांचा व्यास इंजिनाच्या तोंडाशी जुळतो का, एवढं मात्र आणण्याआधी मोजा. फोल्डिंगचा पाइप वाकवून कशीतरी गाठ घालू नका. वरची टाकी इंजिनाच्या हेडपेक्षा खाली राहायला नको, नाहीतर आत हवा अडकते.

चार रो घेऊ नका. हवा पहिल्या रोतून गेली की तापते, चौथ्या रोपर्यंत ती गरमच पोचते आणि जाडीमुळे तिचा वेगही मरतो. जागा असेल तर कोअर रुंद करा, उंच करा. जाडी सगळ्यांत शेवटी. तीन रो बास. जाळीही फार दाट नको. आपल्याकडे कापसाच्या दिवसांत रस्त्यावर सरकी-कापसाचे ट्रक चालतात, त्यांची तूस जाळीत अडकून नमदा तयार होतो.

ॲल्युमिनियम वाईट नाही. हलका असतो, नळ्या रुंद असतात, उष्णताही चांगली टाकतो. पण वसमत-हिंगोलीच्या रस्त्यावर तो फुटला तर नीट जोडणारा माणूस शोधावा लागेल. तांब्या-पितळेचा कोअर गॅस आणि कथील असलेला कुठलाही कारागीर तासाभरात डाग देऊन चालता करतो. तुमच्या गाडीला मी तांब्या-पितळेचाच घालीन.

थर्मोस्टॅट काढू नका. तो 82 अंशांच्या आसपास उघडतो आणि इंजिन कामाच्या तापमानावर धरून ठेवतो. काही इंजिनांत तो काढला की बायपासची वाट उघडीच राहते आणि गरम पाणी रेडिएटर टाळून परत इंजिनात जातं. शंका असेल तर भांड्यात पाणी तापवून त्यात सोडा, उघडतो का बघा.

रेडिएटरच्या झाकणाचं सांगतो, कारण इथे लोक टाकी फोडून घेतात. झाकण आतला दाब धरून ठेवतं; हा दाब चौरस इंचाला एक पौंड वाढला की पाणी साधारण दीड अंश उशिरा उकळतं. 7 पौंडाच्या झाकणाखाली साधं पाणी 111 अंशांना उकळतं, 13 पौंडाच्या खाली 119 च्या जवळ. म्हणून कुणी म्हणेल, 13 चं लावा. पन्नास वर्षांच्या कोअरवर ते लावलं तर सांधा उकलेल. नवा कोअर भरल्यावर, आयएसझेडच्या रेडिएटरला जे झाकण येत होतं तेच लावा.

पाण्यात बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणि तीस टक्के कूलंट. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं करायची गरज नाही; उष्णता वाहून न्यायला पाणीच सरस. कूलंट गंज थांबवायला हवं.

आणि एक : नवा इंजिन नंबर आरसी बुकावर चढवला का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ते लागतं. राहिलं असेल तर आधी आरटीओत जाऊन या. अपघात झाला तर विमा याच कारणाने अडतो.

प्रश्न : माझ्या जुन्या जीपला डिझेल इंजिन बसवलंय. पळाली की थंड राहते, शेतरस्त्याने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवली की तापते. मोठा रेडिएटर घालू का?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : नका घालू. पळताना थंड राहते म्हणजे रेडिएटर पुरेसा आहे. हळू चालताना हवा ओढली जात नाही. इंजिन बदललं की पंख्याची जागा बदलते. मोजून बघा, पंखा कोअरपासून चार-पाच इंच मागे गेला असेल. तो मग बोनेटमधलीच गरम हवा घुसळत बसतो. एका ग्राहकाच्या जीपला मी असंच न मोजता चार रोचा कोअर घातला होता. गाडी आणखी तापली, आणि त्याचे पैसे मला परत करावे लागले. तेव्हापासून मी पट्टी घेतल्याशिवाय बोलत नाही.

पत्र्याचा काउल, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण, बनवून घ्या, कोअरची पूर्ण जाळी झाकणारा. पंख्याची पाती निम्मी काउलच्या आत, निम्मी बाहेर राहिली पाहिजेत. रेडिएटर आणि बॉडीच्या मधल्या फटी रबराने बंद करा. पंख्याच्या टोकापासून काउलपर्यंत चारी बाजूंनी पाऊण इंच मोकळं सोडा, कारण डिझेल इंजिन बंद करताना माउंटिंगवर चांगलंच हलतं.